एकशे सदतीस सेंटिमीटरवरचा पाहुणा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आरसा आला एकदाचा घरी. टॅक्सीवाल्याला तीनदा बजावलं, खड्डा दिसला की हळू. तो म्हणाला, "आजी, पेटीत बाळ आहे की काय?" मी म्हटलं, "बाळ आपटलं तर रडून सांगतं. हा सांगणार नाही." मग मात्र त्याने गाडी जपून चालवली. आजी म्हणाला ते मला आवडलं नाही. अठ्ठावन्न हे काय वय आहे?

नोंद करून ठेवते. अंतर्वक्र आरसा, व्यास वीस सेंटिमीटर, नाभीय अंतर एकशे पंधरा. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मी हा पुसला आणि कुणाच्या बापाला हात लावू दिला नाही. आता विभाग नव्या इमारतीत चाललाय आणि जुनं सामान भंगारात. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "ताई, आरसा तुम्हीच न्या, पण एका अटीवर." नव्या इमारतीच्या लांबलचक मार्गिकेत बारा चौकटी रिकाम्या आहेत. त्यांना तिथे तक्ते नकोत आणि शास्त्रज्ञांच्या तसबिरीही नकोत. विज्ञानातूनच निघालेलं, पण माणूस नुसता बघत उभा राहील, असं काहीतरी हवंय. वर्षातून एकदा मी मुलांना याच आरशात मेणबत्तीवरची गरम हवा दाखवायचे, ते त्यांच्या लक्षात होतं. वीस डिसेंबरला उद्घाटन. छपाईला फोटो सोळाला द्यायचे.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी मान डोलावली, मफलर सारखा केला आणि आपल्या खोलीत निघून गेले.

एप्रिलपासून या घरात बोलणारी मी एकटीच. ऑपरेशन करून ह्यांचं स्वरयंत्र काढलं. एकोणतीस वर्षं बसस्थानकावर निवेदक होते, गावातलं लहान पोरही ह्यांचा आवाज ओळखायचं. आता गळ्याला खाली एक छिद्र केलंय, श्वास तिथूनच. ते छिद्र मी अजून पाहिलेलं नाही. रोज सकाळी नऊला न्हाणीघराला आतून कडी लावून स्वतःच साफ करतात. इस्पितळात नर्सने शिकवलं तेव्हा मी औषधं आणायला खाली गेले होते, आणि त्यानंतर ह्यांनी मला जवळ येऊच दिलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. ज्याचं त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तीन मफलर आणून दिले, करडा, निळा आणि चौकटीचा. चौकटीचा फार शोभतो.

हे घराबाहेर पडत नाहीत. स्थानकावरचे मित्र आले तर दार लावून बसतात. जेवायला ताट घेऊन खोलीत. मला माझा नवरा परत हवाय, एवढंच. आवाज नसला तरी चालेल. हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिलं.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

लेकीची खोली ती सासरी गेल्यापासून रिकामीच आहे, ती घेतली. लांबी तीन मीटर दहा, म्हणजे पुरते. आरसा टेबलावर ठेवला की मी नुसती चालले तरी थरथरतो, म्हणून भिंतीतल्या फळीवर ठेवला. दार त्याच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर. दाराला पडदा आहे.

आख्खी दुपार जुळवाजुळव. दिव्यापुढे पत्रा, पत्र्याला टाचणीने भोक. त्या भोकातला प्रकाश आरशावर जातो आणि परत येऊन भोकाच्या शेजारीच ठिपका होऊन बसतो. दाढीच्या पात्याची धार अशी आणायची की अर्धा ठिपका झाकला जाईल. पात्यामागे कॅमेरा. हवा शांत असली की आरसा सपाट करडा दिसतो. कुठे हवा तापली की तिथला प्रकाश केसभर वाकतो, पात्यावर अडतो नाहीतर पात्यावरून निसटतो, आणि करड्या वर्तुळात काळे-पांढरे लोट दिसायला लागतात. यात जादू काही नाही. पण हात पुढे धरला आणि माझ्याच बोटांतून ज्वाळा निघाल्यासारख्या दिसल्या तेव्हा मी चौतीस वर्षांची जुनी माणूस, "अगंबाई" म्हणून किंचाळले.

हे धावत आले. दारातून बघितलं, मला काही झालं नाही याची खात्री केली. मी म्हटलं, "अहो, आत या की, दाखवते." बोलण्यासाठी जवळ ठेवतात त्या पाटीवर ह्यांनी लिहिलं, "पातं जपून." आणि गेले.

दिव्याच्या पेटीतला पंखा फार घरघरतो. डोक्यावर काळं कापड घेऊन कॅमेऱ्याच्या पडद्यात बघायचं, वर ती घरघर, म्हणजे जगाशी संबंधच तुटतो. मला आवडलं ते.


१७ नोव्हेंबर, रविवार

नुसतं काळं-पांढरं कंटाळवाणं वाटायला लागलं. पात्याऐवजी रंगीत पारदर्शक कागदाच्या तीन बारीक पट्ट्या लावून बघितल्या, तांबडी, हिरवी, निळी. शांत हवा हिरवी. इकडे वाकली की तांबडी, तिकडे वाकली की निळी. इस्त्रीवरची हवा काय दिसली म्हणून सांगू! लोकरीच्या गुंड्यात मांजर शिरल्यासारखी.

कागद आणायला बाजारात गेले होते, येताना बसस्थानकावरून आले. "फलाट क्रमांक चारवरची गाडी पाच मिनिटांत सुटेल." ह्यांचाच आवाज. जुनी ध्वनिफीत अजून लावतात. माझे पाय तिथेच थबकले, मागचा माणूस येऊन धडकला आणि वर मलाच ओरडला. घरी येऊन ह्यांना सांगावं की नाही, ठरेना. नाही सांगितलं.


२१ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तीन ते पाच ही माझी वेळ ठरून गेली आहे. बर्फाच्या खड्यावरून थंड हवा खाली ओघळते. स्पिरिटचा बोळा ठेवला तर वाफ काठावरून सांडते आणि खाली डबकं करते, हवेचं डबकं! चहाचा कप फार उथळ निघाला, दिसायला काही दम नाही. मी प्यायला तो.

एक भानगड आहे. वर्तुळाच्या उजव्या काठावरून मधूनमधून काहीतरी घुसतं. फुगीर, कुरळं, आत येता येता स्वतःभोवती गुंडाळत जाणारं. येतं, विरतं, पुन्हा येतं. स्पिरिटचे सतरा फोटो त्याने नासवले. प्रयोगशाळेच्या सवयीने 'त्रुटी' नावाचा वेगळा कप्पा केला आणि सगळे त्यात टाकले. या आगंतुकाला मी पाहुणा म्हणते. बोलावलं नाही, तरी येतोच.


२४ नोव्हेंबर, रविवार

पाहुण्याचा पिच्छा पुरवला आज. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा, कधी सतरा. पट्टी धरून उंची काढली. जमिनीपासून एकशे सदतीस सेंटिमीटर, झोत सरळ आडवा, जेमतेम किंचित वर जाणारा. खिडकीच्या फटीतला वारा इतका नेमका नसतो. फ्रीज बंद करून बघितला, पाण्याचा पंप बंद करून बघितला. काही फरक नाही.

मग शंका आली की हे तर दारात येऊन उभे राहत नसतील? लगेच ताडून बघितलं, संशयावर मी काम करत नाही. सदऱ्याचं माप घ्यायचंय म्हणून ह्यांना दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि जमिनीपासून नाकापर्यंत टेप लावली. एकशे चोपन्न. सदऱ्याला नाकाचं माप कशाला, असं ह्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मफलरला धक्का लागू नये म्हणून मी टेप हातभर लांब धरली होती. आणि नाकातला श्वास खाली जातो, आडवा नाही, हे पुस्तकातलं चित्र मीच दरवर्षी फळ्यावर काढायचे. म्हणजे हे नव्हेत. बरं झालं ती शंका वहीत लिहून खोडली.

यांत्रिक काहीतरी असणार. शेजाऱ्यांकडे काय यंत्र चालतं ते विचारायला हवं.


२७ नोव्हेंबर, बुधवार

शेजारी यंत्र नाही. शेजारीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे घोरणारा नवरा आहे, तो चालेल का?" तो भिंतीपलीकडून चालत नाही.

मला आता राग येतो. दिवस चाललेत आणि एकही फोटो स्वच्छ नाही. आज खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, भिंतीतल्या हवेच्या झडपेवर पुठ्ठा ठोकला, दाराचा पडदा काढून दारच लावून घेतलं आणि खाली फटीत जुनी चादर कोंबली. आतून कडी.

पाहुणा बंद! जीव भांड्यात पडला.


१ डिसेंबर, रविवार

चार दिवसांत ऐंशी फोटो, एकजात स्वच्छ. मेणबत्तीचा लोट तर आखणीपट्टीने काढल्यासारखा. मी स्वतःवर खूश आहे.

हे परवा जेवणाचं ताट घेऊन जाताना थांबले आणि पाटीवर लिहिलं, "दार?" मी म्हटलं, "अहो, काय तरी आत घुसायचं आणि सगळं नासवायचं. पक्का बंदोबस्त केलाय आता." ह्यांनी पाटी पुसली, बराच वेळ पुसत राहिले. हल्ली दुपारचे झोपूनच असतात. डॉक्टरांना सांगायला हवं. पूर्वी चारच्या सुमाराला उठायचे, वाटेवर चपला वाजायच्या, कधी खोकल्याचा आवाज यायचा. आता काहीच नाही.


४ डिसेंबर, बुधवार

मॅडम आल्या होत्या. मी ऐंशीतले चाळीस निवडून मांडले होते. त्यांनी चष्मा लावून सगळे पाहिले, चहा प्यायला, पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "ताई, फार नीटस आहेत हो."

नीटस हा शब्द मला कळतो. नापास होणाऱ्या पोराच्या अक्षराला आम्ही नीटस म्हणायचो.

"सगळे पुस्तकातले वाटतात," त्या म्हणाल्या. "बघितलं, कळलं, संपलं. आणखी काही काढलेत का?" मी म्हटलं, बाकी सगळा कचरा आहे. त्या म्हणाल्या, कचरा दाखवा. नाइलाजाने 'त्रुटी'चा कप्पा उघडला. स्पिरिटच्या सतराव्या फोटोवर त्या थांबल्या. हिरव्यात उजवीकडून ते तांबडं-निळं कुरळं घुसतंय आणि स्पिरिटच्या वाफेला अलगद बाजूला सारतंय. बाईंचा चहा गार झाला, दुसरा.

"हे काय आहे?"

"दोष आहे. बंद केला मी."

"अहो ताई, तोच हवाय मला! हे जिवंत आहे. बाकी ठिकाणी हवा आहे, इथे कुणीतरी आहे."

तोंडात मारल्यासारखं झालं. चौतीस वर्षं मी त्रुटी काढून टाकायचं काम केलं आणि आता ही बाई, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणते त्रुटीच हवी. पण त्या गेल्यावर मी तो सतरावा फोटो पुन्हा उघडला, आणि त्या म्हणतात ते खोटं नाही. मेणबत्तीची हवा नुसती वर जाते. हा मात्र कुठूनतरी येतोय आणि बघायला आल्यासारखा येतोय.


७ डिसेंबर, शनिवार

पाहुणा नकली तयार करता येईना. केस वाळवायचं यंत्र लावलं, ते दांडगाई करतं. सायकलचा पंप मारला, हवा थंड, दिसतच नाही. रबराच्या फुग्यात कोमट हवा भरून दर पावणेचार सेकंदांनी पिळली, तर माझंच मनगट भरून आलं आणि चित्रात एक बावळट गोळा. त्यात ते कुरळेपण नाही, तो जरा थांबून पुन्हा येणं नाही.

म्हणून शास्त्राला धरून उलटं जायचं ठरवलं. जे जे बंद केलं ते एकेक उघडायचं, एका दिवशी एकच. आज खिडकी उघडली. वारा आला, पाहुणा नाही.


९ डिसेंबर, सोमवार

काल झडप उघडली. काही नाही. आज दार उघडलं, चादर काढली, पडदा परत लावला. ह्यांना सांगितलं, "अहो, कडी काढली हो मी. परत हवंय ते जे काय घुसत होतं ते. मॅडमना नेमकं तेच आवडलं, आणि खरं सांगायचं तर मलाही." ह्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की माझ्या चेहऱ्याला काही लागलंय की काय असं वाटलं. जाऊन आरशात पाहून आले. काही नव्हतं.

तीन ते पाच बसले. पाहुणा आला नाही. रुसला असावा.


११ डिसेंबर, बुधवार

काल आला! पावणेचारला. आधी अगदी काठावर, विचारल्यासारखा, मग सोळाच्या सोळा. मी कापडाखाली श्वास रोखून बसले आणि एकशे बारा फोटो काढले. रिकाम्या आरशासमोर नुसता तोच, मेणबत्ती नाही, काही नाही. इतके सुंदर फोटो मी आयुष्यात काढले नाहीत. इतका आनंद झाला की हसायला आलं, मोठ्याने. त्याबरोबर त्याची लय बिघडली, भराभर तीन-चार फुगे आले आणि मग पुन्हा संथ. नोंद करते पण कारण कळत नाही.

आज नाही आला. आज आम्ही दुपारी तपासणीला इस्पितळात गेलो होतो, येईपर्यंत सव्वाचार झाले, हे दमून झोपले. मी साडेचार ते पाच बसले, आरसा कोरा.

जुन्या नोंदी काढून सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या. पाहुणा चारच्या आगेमागेच येतो. एकोणीस नोव्हेंबरला नव्हता. त्या दिवशी ह्यांना ताप होता. कागद समोर घेऊन बसले आहे. काहीतरी जुळतंय, पण नाकाची उंची आडवी येते.


१२ डिसेंबर, गुरुवार

लेकीचा फोन आला. तिला हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती पोहायला शिकवते, तिला वेळ मोजायची सवय आहे.

"मिनिटाला किती म्हणालीस?"

"सोळा. कधी सतरा."

"आई, ते यंत्र नाही. कुणीतरी श्वास घेतंय."

"ते काय माझ्या डोक्यात आलं नसेल? मी काय चौतीस वर्षं नुसत्या काचा धुतल्या? मोजलं मी. तुझ्या बाबांचं नाक एकशे चोपन्नवर. आणि हा येतो एकशे सदतीसवरून, सरळ आडवा. कसं जमायचं?"

मला वाटलं फोन तुटला.

"आई," ती म्हणाली, "बाबा नाकातून श्वास घेतात का?"

मी फोन ठेवला. तिला काही न बोलता ठेवला, मग तिचे तीन फोन येऊन गेले.

टेप हातभर लांब धरून मी ह्यांचं नाक मोजलं. ज्याच्यामुळे आठ महिने आमचं घर मुकं आहे ते छिद्र माझ्या हिशेबातच नव्हतं. आणि ज्याला मी आगंतुक म्हणत होते, ज्याच्यासाठी चादर कोंबली, कडी लावली, आणि तोंडावर सांगितलं की नासवणाऱ्याचा बंदोबस्त केलाय, ते हे होते. रोज येत होते. अंधारात, मला दिसणार नाही अशा ठिकाणी, मफलर सैल करून, माझं काम बघायला.

आता खरंच लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते. त्या दिवशी नर्स मला हाक मारत होती. "बाई, जवळ या, तुम्हालाही शिकायचंय." ह्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हटलं, औषधं आणायची राहिलीत. औषधं माझ्या पिशवीत होती. मी खाली जाऊन बाकावर बसले आणि अर्ध्या तासाने वर आले. तोवर पट्टी बांधून झाली होती. मी भ्याले होते. मग दुसऱ्याच आठवड्यात जाऊन मफलर आणले, एक नाही, तीन. ह्यांनी मला बघू दिलं नाही असं मी सगळीकडे सांगत आले, या वहीतसुद्धा. मला बघायचं नाही हे ह्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.


१३ डिसेंबर, शुक्रवार

तीनला बसले. कापडाखाली. पावणेचारला पाहुणा आला, आणि मी एकही बटण दाबलं नाही. नुसती बघत राहिले.

श्वास सोडताना आधी एक लहान गोळा येतो, त्याच्या मागून लांब शेपूट, मग शेपटाला पीळ पडतो. मध्ये क्षणभर काही नाही, तेव्हा आत घेतात. पाचेक श्वासांनंतर एक मोठा, उसासा असावा तो. चष्मा पुसावा लागला दोनदा. एवढी वर्षं शेजारी झोपले, घोरण्यावरून भांडले, पण श्वास असा कधी पाहिला नव्हता. कापड बाजूला करून हाक मारावी असं दहादा मनात आलं. पण पळून गेले तर? स्थानकावरच्या मित्रांना बघून जातात तसे?

पाचला दिवा बंद केला. पडदा हलला, चपला वाजल्या. मी ओट्याशी जाऊन उगाच भांडी आपटली, म्हणजे मला काही माहीत नाही असं वाटावं.


१४ डिसेंबर, शनिवार

आज ठरवून बसले. पाहुणा आला. मी कापडाखालूनच, अगदी रोज सांगते त्या सुरात म्हटलं, "अहो, अर्धं पाऊल पुढे या. काठावर अर्धे कापले जाताय."

वर्तुळ एकदम कोरं झालं. श्वास रोखला असणार. मी मनात आकडे मोजत होते. चार, पाच, सहा. गेले, आता गेले.

मग चप्पल घासल्याचा आवाज आला. दूर जाणारा नव्हे. आणि सबंध वर्तुळात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तो लोट आला. तांबडा, मग निळा, कडेला हिरव्यात मिसळणारा. मला वाटलं होतं सुंदर म्हणजे काय ते मला दहा तारखेलाच कळलं. काही कळलं नव्हतं.

"जरा डावीकडे," मी म्हटलं. ते डावीकडे सरकले. चाळीस फोटो काढले. "आता एक मोठा सोडा." सोडला. "आता दोन लहान." हे सोडत होते, मी काढत होते. निवेदनाच्या वेळी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहायचे तसे ताठ उभे असणार, मला दिसत नसलं तरी ठाऊक होतं.

खोलीतला दिवा लावला तेव्हा मफलर पुन्हा घट्ट होता. मी फोटो दाखवले. हे स्टुलावर बसले आणि एकेक फोटो मोठा करून, चष्मा वर-खाली करून पाहत राहिले. स्वतःचं तोंडही नीट न बघणारा माणूस अर्धा तास स्वतःचा श्वास बघत बसला. मग पाटी मागितली.

"बारात माझे किती?"

"नऊ. तुम्ही हो म्हणालात तरच."

ह्यांनी लिहिलं, "मग नाव माझं वर. तुझं खाली."

"खाली म्हणजे? कॅमेरा कुणाचा? आरसा कुणाचा?"

"वारा कुणाचा?" असं लिहून पाटी माझ्या नाकासमोर धरली. आवाज न करता हसले. खांदे हलतात तसे हसताना, ते मी विसरलेच होते.

मी त्यांना औषधांचं सांगायला तोंड उघडलं. ती तेव्हा माझ्या पिशवीतच होती म्हणून. ह्यांनी हाताने थांबवलं. माहीत होतं ह्यांना.


१५ डिसेंबर, रविवार

आज फोटो काढला नाही.

सकाळी पावणेनऊला मी खोली झाडत होते. पडदे उघडे, चांगला लख्ख उजेड. हे आत आले आणि कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसले. आणखी काही फोटो हवेत असं त्यांना वाटलं असेल म्हणून मी दिवा लावला, सवयीने कापड डोक्यावर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यात बघायला लागले.

ह्यांनी उठून माझ्या डोक्यावरचं कापड काढलं. हनुवटीखाली दोन बोटं लावून माझं तोंड कॅमेऱ्यापासून आपल्याकडे वळवलं. मफलर घडी करून स्टुलावर ठेवलेला होता.

मी बघितलं. मान वळवली नाही, डोळे मिटले नाहीत. लहानसं आहे. नाण्याएवढं. कडा गुलाबी आणि नीट भरलेल्या. आत-बाहेर होताना कातडी जराशी हलते. आठ महिने मी काय काय कल्पना करत होते, आणि ते एवढंसं होतं.

"दुखतं का हो?" मी विचारलं. नाही, म्हणून मान हलवली.

मग खिशातून कापसाची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली आणि न्हाणीघराकडे निघाले. मीही मागोमाग गेले. ह्यांनी दार उघडंच ठेवलं. कोमट पाण्याची वाटी कुठे धरायची, कापूस कसा पिळायचा, किती आत जायचं नाही, हे सगळं खुणांनी दाखवलं. हजार काचनळ्या ज्या हाताने धुतल्या त्याच हाताने मी अर्धी वाटी सांडली. ह्यांनी मनगट धरून ठेवलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. उद्यापासून रोज सकाळी नऊला मीच करणार, असं ठरलं.